बेटावर फक्त चौघं

आमच्या घराण्यात समुद्र पाहिलेला एकच माणूस होता, आणि तो खोटं बोलायचा. हे माझे चुलते. पूर आलेल्या गिरणा नदीचा पलीकडचा काठ काढून टाकला की जे उरतं तो समुद्र, असं ते सांगत. याहून अधिक अधिकृत माहिती आमच्या घरात उपलब्ध नव्हती. अशा परिस्थितीत, ऐंशीच्या दशकाच्या शेवटाकडच्या एका उन्हाळ्यात, मी बायको आणि दोन लहान मुलांना घेऊन कोकणातल्या एका बेटावर चार दिवस जायचं ठरवलं. (बेटाचं नाव देत नाही. झाल्या प्रकारात बेटाचा काहीही दोष नव्हता.)

मी तेव्हा जळगावात एका दैनिकात उपसंपादक होतो. घर स्टेशनपासून चालत सात मिनिटांवर. भाड्याने घेताना ही सोय वाटली होती. पुढे कळलं की ही सोय सगळ्या खानदेशाची आहे. कोणाची गाडी चुकली, कोणाची कोर्टात तारीख निघाली, कोणाची दाढ दुखू लागली, की नातेवाईक पिशवी घेऊन आमच्या दारात उभा. लग्नाला नऊ वर्षं झाली होती. त्या नऊ वर्षांत घरात पाहुणा नाही असे सलग चार दिवस एकदाही आले नव्हते. ही माहिती माझी नव्हे, माझ्या बायकोची, कुसुमची. तिने आठवून आठवून खात्री केली होती.

बेटाची कल्पनाही तिचीच. एका दुपारी माझ्या मावसभावाच्या साडूला तिसऱ्यांदा आमटी वाढून ती आत आली आणि म्हणाली, "अहो, चार दिवस कुठंतरी जाऊ या. फक्त आपण चौघं."

"कुठं?"

"जिथं कोणी येऊ शकणार नाही तिथं."

"असं ठिकाण नाही."

"आहे. ज्याच्या चारी बाजूंनी पाणी असेल असं बघा."

मी बघितलं. कार्यालयातल्या एकाच्या ओळखीने बेटावरच्या दोन खोल्यांचा पत्ता मिळाला. मालकाला पत्र लिहिलं. कुसुमने त्यात एक प्रश्न घालायला लावला, "तिथं पाणी किती दिवसांआड येतं?" मालकाचं कार्ड आलं, "बेटास चारी बाजूंनी पाणी आहे. पिण्याचे विहिरीचे. चौघांच्या जेवणाची सोय होईल. होडी सकाळी एकदाच." हे शेवटचं वाक्य कुसुमने दोनदा वाचलं. "दिवसातून एकच होडी," ती म्हणाली. असा प्रसन्न चेहरा मी लग्नाच्या फोटोतही पाहिलेला नाही.

अडचण एकच होती, आणि ती मोठी होती. मला रजा मिळत होती ती नेमकी आखाजीच्या आठवड्यात! अक्षय्य तृतीयेला आमच्याकडे आखाजी म्हणतात आणि त्या सणाला सासरी गेलेली लेक माहेरी येते. दिवाळी एक वेळ चुकेल, आखाजी नाही. म्हणजे शिंदखेड्याला कुसुमचे वडील, आबा, तिची वाट बघणार. आणि धरणगावची माझी थोरली बहीण, अक्का, तिची तीन मुलं घेऊन माझ्याकडे येणार, कारण आई-वडील गेल्यापासून तिचं माहेर म्हणजे मी. आखाजीला भावाने घराला कुलूप घालून समुद्रावर जाणं हा प्रकार आमच्याकडे तोवर कोणी केलेला नव्हता.

"आबांना मी सांगेन," कुसुम म्हणाली. "माझ्या पद्धतीने, हळूहळू. अक्कांना तुम्ही सांगा."

"मी बेटावरून पत्र टाकीन."

"घाबरता बहिणीला?"

"हो."

"बरं. पण चौघंच हं!"

"चौघंच."

मुलांनाही सांगायचं नाही असं ठरलं. पिंटू चार वर्षांचा होता, त्याला सांगून काही उपयोग नव्हता. नंदा सात वर्षांची होती, तिला सांगणं म्हणजे गल्लीला सांगणं.

मी मात्र एक चूक केली. बेत विसरू नये म्हणून लिहून काढला. तोही कार्यालयात, बातम्या लिहायच्या कागदाच्या पट्टीवर. 'आखाजीच्या सुट्टीत कोकणातल्या बेटावर चार दिवस. निघणं रविवारी सकाळी साडेसहा, एसटी स्टँड. राहण्या-जेवणाची सोय झाली. मुलांसाठी उकळलेलं पाणी. फक्त चौघं. अक्काला अजून कळवायचं नाही.' खाली सवयीने सही केली, प्र. ना. पाटील. मग चहाला गेलो.

आमच्या कार्यालयाची पद्धत अशी की दुपारी टेबलावर जे कागद असतील ते गोळा होऊन वाणींकडे जात. वाणी गावोगावच्या बातम्यांचं पान बघत. कामाला वाघ! कागदावर काय लिहिलंय याच्याशी त्यांना कर्तव्य नसे. त्याची बातमी करायची, एवढंच. माझ्या पट्टीची त्यांनी दहा मिनिटांत बातमी केली.

त्या बातमीचं प्रूफ मीच तपासलं.

यावर लोकांचा विश्वास बसत नाही, म्हणून सविस्तर सांगतो. संध्याकाळी माझ्यापुढे तीस-पस्तीस बातम्यांची प्रुफं येत. बारा वर्षं ते काम केल्यावर माणूस मजकूर वाचत नाही, अक्षरं वाचतो. 'बेटावर सहल' असा मथळा होता. आत माझं नाव होतं. मी त्याच्यामागे 'श्री.' घातलं, कारण नावामागे 'श्री.' हवं असा आमचा नियम होता. बातमी दोन ओळींनी लांबत होती. बातमी कापायची तर शेवटाकडून, हाही नियमच. शेवटी वाणींनी प्रामाणिकपणे लिहिलं होतं, 'सहलीत केवळ चौघांचा समावेश असून, अक्कांना याबाबत अद्याप कळविण्यात आलेले नाही.' या अक्का कोण, असा प्रश्न मला पडला नाही. अनावश्यक तपशील म्हणून मी ते वाक्य कापलं आणि प्रूफ पुढे दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात पापड लाटणं चालू होतं. कुसुम, शेजारच्या चार बायका आणि सात पोळपाट. (दोन पोळपाट मुलांना गप्प ठेवण्यासाठी होते.) नंदाला वाचनाची सवय लागावी म्हणून मी रोज तिच्याकडून आमच्या पेपरातली एक बातमी मोठ्याने वाचून घेत असे. वडील म्हणून माझा हा एकमेव उपक्रम.

"बे-टा-वर स-हल," नंदाने सुरुवात केली.

"छान," मी म्हणालो. "पुढे."

"आखाजीच्या सुट्टीत को-क-णा-तील बेटावर चार दिवसांची सहल आ-यो-जित करण्यात आली आहे."

कुसुमचं लाटणं थांबलं.

"राहण्या-जेवणाची सोय असून लहान मुलांसाठी उ-कळ-लेल्या पाण्याची खास व्य-वस्था आहे."

इथे मला पहिल्यांदा काहीतरी ओळखीचं वाटलं.

"रविवारी सकाळी साडेसहा वाजता एसटी स्टँडवर ज-मा-वे, असे श्री. प्र. ना. पाटील यांनी क-ळ-व-ले आहे. माहि-तीसाठी आमच्या का-र्या-लयात भेटावे. बाबा, हे तुमचंच नाव आहे!"

"अय्या, वहिनी!" शेजारची एक म्हणाली. "सहल काढताय, अन् आम्हाला बोलल्याही नाहीत?"

कुसुमने हातातला पापड उन्हात टाकला आणि माझ्याकडे बघून हळू आवाजात विचारलं, "हे छापायच्या आधी कोणी वाचतं का नाही तुमच्याकडे?"

मी पेपर घडी करून ठेवला आणि लवकर कार्यालयात गेलो.

तिथे वाणी शांतपणे म्हणाले, "सहलीचं पत्रक समजलो मी."

"वाणी, त्यात 'अक्काला कळवायचं नाही' असं लिहिलं होतं!"

"मला वाटलं, महिला मंडळाच्या अध्यक्षा असतील. तुमच्यात वाद असेल."

मी संपादकांकडे गेलो. खुलासा छापू या म्हणालो. त्यांनी चष्मा काढला. "काय छापायचं? 'सदर सहल उपसंपादकांच्या घरच्यांपुरती आहे, वाचकांनी येऊ नये'? लोक हसतील. आपण छापलंय ना? आता ते खरं करणं तुमच्याकडे."

"पण मी रजेवर असेन."

"माहिती कार्यालयात मिळेल असं आपण छापलंय. माहिती कोणाकडे आहे?"

"माझ्याकडे."

"मग कार्यालयात राहा," संपादक म्हणाले आणि त्यांनी चष्मा पुन्हा घातला. माझी रजा इथे संपली. तोवर ती सुरूही झाली नव्हती.

दुपारपर्यंत नऊ जण चौकशीला आले. एका निवृत्त तलाठ्यांनी बेटाचा सातबारा कोणाच्या नावावर आहे, असं विचारलं. एका बाईंनी, तिथे सासूबाईंना जास्त दिवस ठेवता येईल का, असं विचारलं. मी सगळ्यांना एकच उत्तर दिलं, "जागा भरल्या." हे उत्तर मला फार हुशारीचं वाटलं. त्याचा परिणाम असा झाला की जागा भरत चालल्याची वार्ता संध्याकाळच्या गाडीने धरणगावला पोहोचली आणि सकाळच्या गाडीने अक्का आली!

अक्काने पिशवी खाली ठेवली नाही. दारातच उभी राहिली.

"का रे परभाकर? बहीण आखाजीले येस, अन् तू बेटवर जास?"

"अक्का, मी पत्र टाकणार होतो."

"पेपरमा टाकं ना! बठ्ठा धरणगावले वाचाले भेटनं. माले शेजारीणनी वाची दावं." (बठ्ठा म्हणजे अख्खा.)

"अक्का, बसा तरी," कुसुम म्हणाली.

अक्का बसली, पाणी प्यायली, आणि एकदम शांत झाली. ती शांत झाली की आमच्या घराण्यात लोक उठून उभे राहतात. "काही हरकत नही," ती म्हणाली. "आखाजी घरमा नही, तर बेटवर. आम्ही बी ईसूत. बेटवर झाड शे ना? झोका बांधना पडी."

"नारळाची झाडं आहेत."

"नारळले फांदी ऱ्हास का?" अक्काने विचारलं. मग स्वतःच तोडगा काढला, "दोन नारळसना मधमा बांधसूत." आखाजीला माहेरी झोका नाही म्हणजे आखाजीच नाही. दुसऱ्या दिवशी तिने बाजारातून दोरखंड आणला.

चौघांचे आठ झाले. (रजा गेली तरी यादीत मी होतोच.)

तिसऱ्या दिवशी शिंदखेड्याहून आबा आले. सदऱ्याच्या खिशात पेपराची घडी होती. लेकीकडे त्यांनी बघितलं नाही, माझ्याकडे बघून म्हणाले, "जवाईबुवा, बठ्ठा शिंदखेडाले ठाऊक शे. फक्त बापले ठाऊक नव्हतं."

कुसुमच्या डोळ्यांत पाणी आलं. मी काही बोलणार इतक्यात आबांनीच घसा खाकरला. "बरं. ती बेटवर शे तर मी बी ईसू. समुद्र मी बी दखेल नही. तुनी माय बी ई ऱ्हायनी."

मायच्या मागून कुसुमचा भाऊ, भावजय आणि त्यांचं एक मूल, धाकटी बहीण आणि तिची दोन मुलं, अशी नावं आली. धुळ्याच्या आत्याने कार्ड टाकलं, 'मी आणि माझ्या दोन शेजारणी येत आहोत. शेजारणी स्वभावाने चांगल्या आहेत.' एकूण एकोणीस. मालकाला कळवलं, चौघांऐवजी एकोणीस. त्याचं उत्तर आलं, "बेट तेवढेच आहे. इतक्या जणांचे जेवण आम्हास जमणार नाही. आपले आपण पाहावे."

त्या कार्डावर आमच्या घरात बैठक झाली. अक्का मधोमध बसली होती. स्टोव्ह दोन, मोठं पातेलं एक, पीठ, तांदूळ, रसासाठी आंबे, पुरणाची डाळ, पाटा-वरवंटा. (पाटा-वरवंटा बेटावर मिळेल, असं मी म्हणालो. "तू गयथा का तठे?" असं अक्काने विचारल्यावर मी तोही यादीत लिहिला.)

"पण रांधी कोण एवढं?" कुसुमच्या आईने विचारलं.

"कोण म्हणजे? कुसुम शे ना!" अक्का म्हणाली. "तिले सवय शे."

कुसुम दाराशी उभी राहून कुरडया डब्यात भरत होती. तिच्या हातातली कुरडई मोडली. मोडलेले तुकडे डब्यात टाकून तिने झाकण लावलं.

त्या दिवशी मी तिला म्हणालो, "तू म्हणशील तर सगळंच रद्द करतो."

"कसं?" तिने विचारलं. "पुन्हा छापून?"

रविवारी सकाळी सहा वाजता एसटी स्टँडवर आमचा मुक्काम पडल्यासारखं दृश्य होतं. आंब्याच्या दोन करंड्या, दोरखंड, पाटा, वरवंटा, माठ आणि मुलं. मुलं मोजायचं काम माझ्याकडे होतं आणि प्रत्येक वेळी आकडा वेगळा येत होता. पिंटूने समुद्र घरी आणण्यासाठी डबा घेतला होता. नंदा ओळखीच्या आणि अनोळखी प्रत्येकाला सांगत होती, "आम्ही बेटावर चाललोय. पेपरात आलंय." चौकशीला आलेल्यांपैकी ते निवृत्त तलाठीही पिशवी घेऊन हजर होते, एखादी जागा रिकामी झाली तर बघावं म्हणून.

गाडी लागली. सामान टपावर गेलं. अक्काने खिडक्या वाटून दिल्या. कुसुमने नंदाला अक्काच्या मांडीवर बसवलं, पिंटूला आबांच्या. दोघांचे केस सारखे केले, पाण्याची बाटली दिली. मग ती स्वतः खाली उतरली आणि पदर खोचून खिडकीखाली उभी राहिली.

"अक्का," ती म्हणाली, "ह्यांना रजा नाही. जेवणाचे फार हाल होतील. मी राहते."

नऊ वर्षांत माझ्या जेवणाची अशी जाहीर काळजी कोणी केली नव्हती.

"बरोबर शे," अक्का मान डोलवून म्हणाली. "नवरा उपाशी ठेईसन कशी येशी तू?" आबांनाही लेकीचा अभिमान वाटलेला दिसला. "आई, तुझ्यासाठी समुद्र आणतो," पिंटू खिडकीतून ओरडला. मोकळ्या झालेल्या जागेवर तलाठी बसले. घंटी वाजली, गाडी धुळ्याच्या रस्त्याला लागली. एवढ्या लोकांचं रांधायचं कोणी, हा प्रश्न अक्काला पारोळ्याच्या आसपास पडला असावा, असा माझा अंदाज आहे.

आम्ही दोघं चालत घरी निघालो. मी हळवा झालो होतो. "कुसुम," मी म्हणालो, "माझ्यासाठी तू समुद्र सोडलास!"

"समुद्र कुठं जातोय?" ती म्हणाली. "पुढच्या वर्षी बघेन. आधी चार दिवस रिकामं घर बघते."

घरी पोचल्यावर तिने पहिलं काम केलं ते दाराची साखळी तपासली. मग कूलरमध्ये पाणी भरलं, एक उशी त्याच्यासमोर टाकली आणि मला सांगितलं, "दुपारी तुम्ही तिकडेच खाणावळीत जेवा. एवढ्या उन्हात कशाला यायचं?" उन्हाची काळजी! मला पुन्हा भरून आलं.

दोन दिवस मी खाणावळीत जेवलो. रात्री घरी जायचो तेव्हा पिठलं-भाकरी झाकून ठेवलेली असे आणि कुसुम निवांत झोपलेली असे. तिसऱ्या दिवशी मला वाटलं, बायको दिवसभर एकटी आहे, मुलांची आठवण काढत असेल; माणसाने विचारपूस करायला हवी. छपरांचे पत्रे तापून वाजत होते अशा टळटळीत दुपारी मी घरी आलो आणि कडी वाजवली.

बऱ्याच वेळाने दार उघडलं. साखळी लावलेलीच. फटीतून कुसुमचा अर्धा चेहरा दिसला. केस मोकळे, ओले. हातात अर्धा खाल्लेला आंबा. मागे कूलरचा आवाज आणि रेडिओवर गाणी. तिने रस्त्यावर उजवी-डावीकडे बघितलं.

"कोणी बरोबर आहे?"

"नाही. मी एकटाच."

"मग कशाला आलात?"

"जेवायला."

तिने थोडा विचार केला. आंब्याचा एक घास घेतला.

"मंडळी कधी येणार परत?"

"उद्या संध्याकाळी."

"म्हणजे सहल उद्या संपते ना?" ती म्हणाली. "मग उद्या या." आणि तिने दार लावलं.

मी कार्यालयात परतलो. माझ्या टेबलाशी दोन गृहस्थ बसले होते. बेटावरची सहल कशी चाललीय, कोणाला आवडतेय का, अशी चौकशी करायला आले होते; पुढच्या वर्षी त्यांना नाव द्यायचं होतं.

"सहल उत्तम चाललीय," मी सांगितलं. "आत्ताच बघून आलो."